थाळीवर जुळवलेली गिटार

केळापूरजवळचा तांडा
४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय आजोबा,
नमस्कार.

मी बबिता आडे. यवतमाळला होस्टेलमध्ये असताना तुमच्या अनघाबरोबर दर रविवारी तुमच्याकडे जेवायला यायची आणि मंजुषाकाकूंचं वरण संपवून जायची, तीच. माझ्या गिटारच्या वायरची पिन तुम्ही एकदा डाग देऊन बसवली होती. ती अजून हलली नाही, बाकी सगळं हललं.

अनघाकडे तुमचा नंबर मागितला, तर ती पुण्याहून म्हणाली, "आजोबा फोन घेत नाहीत, पत्र लिही." पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेला माणूस फोन घेत नाही, याचं हसू आलं. पण लिहिते आहे.

मी आता पांढरकवड्याला एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. गिटार तीच, होस्टेलमधल्या पोरीनं जाताना देऊन टाकलेली. तारा मानेवरच्या पडद्यांपासून इतक्या उंच आहेत की बोटं सोलतात. एक गाणं संपेपर्यंत सूर उतरतो. स्पीकरला वायर लावली की भुणभुण सुरू होते, आणि जवळ कुणी बोललं तर गिटारच किंचाळते.

आता खरं कारण. माझी याडी, म्हणजे आई, बसंतीबाई. होळीला आमच्या तांड्यात लेंग्या गातात, त्यात पहिला आवाज तिचा असतो. तिच्या गळ्यात गाठ आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं, जिवाला धोका नाही म्हणाले, पण काढावी लागेल. होळी झाल्यावरची, २४ मार्चची तारीख दिली आहे. आवाज राहील की नाही ते सांगता येत नाही, असंही म्हणाले.  घरी येताना एस.टी.त ती मला म्हणाली, "तुया त्या वाज्यात माह्या आवाजाले जागा आहे का वं?"

मी "आहे" म्हणून बसले. आता ती करायची आहे. होळी १३ मार्चला आहे. नवी गिटार घे असं कृपा करून लिहू नका, ते होणार नाही. हिचंच काय काय बदलता येईल ते सांगा.

तुमची,
बबिता


यवतमाळ
११ नोव्हेंबर

चि. बबिता,
आशीर्वाद.

नवी घे असं मी लिहिणार नव्हतो. लोकांना नवं घ्यायचा रोग झालाय. आधी गिटारची मान एका डोळ्यानं बघ, बंदुकीचा नेम धरतात तशी. सरळ असेल तर लाकूड चांगलं आहे, आणि लाकूड चांगलं असेल तर बाकी सगळं बदलता येतं.

मी जे शिकलो ते सतारवाल्यांकडून, त्यामुळे माझे शब्द त्यांचे आहेत. तारा पिळायच्या त्या खुंट्या. मानेच्या टोकाला तारा जिच्यातून जातात ती पट्टी म्हणजे तारगहाण. खाली पोटावर तारा टेकतात ती घोडी. तारांखाली लोहचुंबकावर बारीक तार गुंडाळलेली असते ते पिकअप, त्याला मराठी शब्द मला माहीत नाही.

सोबत सहा खुंट्या पाठवतो आहे. नागपूरहून मागवल्या, दातेरी आहेत, घसरणार नाहीत. तारगहाण तुझं प्लॅस्टिकचं असणार. त्याऐवजी हाडाचं घासून दिलं आहे. हाड कशाचं ते विचारू नकोस, आमच्या सूनबाई मंजुषालाही मी सांगितलेलं नाही. तुझं पिकअप उतरवून पुढच्या पार्सलनं पाठव, मी ते हातानं पुन्हा गुंडाळून मेणात बुडवून देतो, म्हणजे किंचाळणं बंद होईल. तोवर आतलं दुसरं पिकअप चालव.

भुणभुणीचं सोपं आहे. घोडीला अर्थिंग नाही. घोडीपासून एक तार काढून अर्थिंगला जोड.

फोन मी घेत नाही, कारण आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून झाले. पार्सल एस.टी.नं येईल, पत्र त्यातच असेल.

नरहर पांढरीपांडे


तांडा
२ डिसेंबर

आजोबा,

खुंट्या बसल्या. नव्या स्क्रूची भोकं जुन्या भोकांशी जुळेनात, म्हणून जुन्यांत काडेपेटीच्या काड्या गोंद लावून ठोकल्या, दोन दिवस वाळू दिल्या आणि नवी भोकं पाडली. हाडाचं तारगहाण बसवल्यावर तारा खाली आल्या. आता बोटं सोलत नाहीत.

अर्थिंगचं मात्र मोठं काम झालं. तुमचं पत्र मी सुनीलभियाला वाचून दाखवलं. माझा मोठा भाऊ. आधी तो म्हणाला, "घोडी कायले पाह्यजे तुले? ट्रॅक्टर उभा आहे ना दारात." घोडी दाखवल्यावर म्हणाला, "अर्थिंग होय, मंग हे माह्यं काम." त्यानं विहिरीच्या मोटरला केली तशीच केली. अंगणात कमरेइतका खड्डा खोदला, त्यात तांब्याची सळई उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा भरला, वरून दोन बादल्या पाणी ओतलं. सळईपासून तार खिडकीतून आत घेतली आणि घोडीला बांधली. मी आता दावणीला बांधलेल्या गाईसारखी वाजवते, तारेच्या लांबीइतकंच फिरता येतं. पण भुणभुण गेली, आजोबा. अगदी गेली.

उतरवलेलं पिकअप सोबत आहे. आणि एका मेमरी कार्डावर मी वाजवलेलं भरून पाठवलं आहे. ऐकून सांगा.

बबिता


यवतमाळ
१५ डिसेंबर

चि. बबिता,

तुझं पत्र वाचून मी एकटाच इतका हसलो की मंजुषा धावत आली. अगं, घोडीची तार गिटारच्या आतच आवाज कमीजास्त करायच्या बटणाच्या पाठीला जोडायची असते, एवढीशी. गिटारमधलं अर्थिंग म्हणजे ते. तुम्ही थेट धरणीमातेला जोडली.

मग हसू थांबल्यावर कळलं की तुमच्या घरातल्या बोर्डालाच अर्थिंग नसणार. नाहीतर इतका फरक पडला नसता. तेव्हा सुनीलरावांचा खड्डा ठेवा. सळईची तार बोर्डाच्या तिसऱ्या भोकाला द्या, आणि गिटारमधली एवढीशी तार मी सांगितली तिथं. घराचंही भलं होईल. सुनीलरावांना माझा नमस्कार सांग.

पिकअप गुंडाळून झालं. सात हजार आठशे वेढे, सगळे बोटांनी मोजलेले. केसापेक्षा बारीक तार, पण बोटांना अजून कळतं. सोबत जुन्या रेडिओच्या खोक्यात बसवलेला एक लहान अॅम्प्लिफायर आहे, तो तुझाच.

कार्डावरचं ऐकलं. आवाज स्वच्छ आणि बोलका आहे. अशीच जिद्द ठेव.

न. पां.


तांडा
१२ जानेवारी २०२५

आजोबा,

पिकअप बसलं. रेडिओतून गिटार बोलते ती अशी की शेजारची धनीबाई चौकट धरून उभी राहिली. सहा तारा एका जागी राहतात, तासभर वाजवलं तरी हलत नाहीत. मोबाइलमध्ये सूर बघायचं जे असतं, त्यावर सगळ्या तारा हिरव्या लागतात.

तरी एक अडचण आहे, आणि ती मला सांगताही येत नाही नीट. काल याडीबरोबर बसले. ती गाऊ लागली, मी तिचा सूर शोधला. एका पडद्यावर दाबलं तर मी तिच्या खाली जाते. पुढच्या पडद्यावर दाबलं तर तिच्या वर. मधे पडदाच नाही. तिनं दोनदा थांबून माझ्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाली, "राहू दे, पोळ्या कराच्या आहेत."

दुसऱ्या कार्डावर आम्हा दोघींचं भरलं आहे. आधी ती एकटी, मग मी तिच्याबरोबर. माझं कुठं चुकतं ते सांगा. होळीला दोन महिने आहेत आणि दिवसेंदिवस ती लवकर थकते.

बबिता


यवतमाळ
२० जानेवारी

चि. बबिता,

कार्ड तपासलं. तुझं चुकत नाही. तारा बरोबर आहेत. तुझ्या आईचा सूर उतरलेला आहे. दोन पडद्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्या साठ भागांवर गातात. पूर्ण सुराला चाळीस कमी. आजारामुळे असेल, किंवा सवय असेल. त्यांना मोबाइलवरचा सूर रोज ऐकव आणि त्याला गळा लावायला सांग. आहे त्या सुराला पडद्यांमध्ये जागा नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

न. पां.


तांडा
१४ फेब्रुवारी

आजोबा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं. आताही बरं लिहीन असं नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा याडी समोरच शेंगा फोडत होती. "काय म्हनते बुढा?" म्हणून विचारलं. मी तिला सगळी पत्रं वाचून दाखवते, हेही वाचत गेले आणि शेवटच्या ओळीआधी थांबता आलं नाही. ती म्हणाली, "जागा नाई तं नाई." त्या दिवसापासून ती गायली नाही. चुलीपुढे नाही, शेतात नाही. तिच्या आवाजाचे मोजके दिवस उरलेत, त्यातले तीन आठवडे असे गेले. मला तुमचा राग आला, आणि माझाही.

काल दुसरी गोष्ट कळली. सुनीलभिया त्याचं मेमरी कार्ड शोधत होता. त्यावर त्यानं नव्या फवारणी पंपाचा आवाज भरून ठेवला होता, दुकानदाराला ऐकवायला, की पंप किती घरघरतो. ते सापडेना. सापडलं ते माझं कार्ड, डिसेंबरमध्ये मी वाजवलेलं, बांगड्यांच्या डब्यात. म्हणजे डिसेंबरमध्ये तुम्हाला गेला तो पंप.

आजोबा, तुम्ही फवारणी पंपाला "स्वच्छ आणि बोलका" लिहिलंत.

मी दिवसभर विचार केला. तुम्ही फोन घेत नाही. अनघा म्हणायची, आजोबांशी समोर बसून बोलावं लागतं. रविवारी जेवताना तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत असायचात, मला वाटायचं मी जास्त खाते म्हणून. तुम्हाला ऐकू येत नाही का? खरं सांगा. नसेल येत, तर माझ्या याडीचा सूर उतरला हे तुम्ही कशावरून ठरवलं?

बबिता


यवतमाळ
१८ फेब्रुवारी

चि. बबिता,

नाही येत.

तीन वर्षं झाली. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग बायकांचे आणि मुलांचे आवाज. आता जवळ बसून कुणी ठासून बोललं तर ओठ बघून जुळवतो. मंजुषानं कानातलं मशीन आणून दिलं, ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये डबीतच आहे. मशीन घातलं की मी बहिरा ठरणार, नाही घातलं तर फक्त तऱ्हेवाईक. गावात मी ऑर्केस्ट्राचे अॅम्प्लिफायर बनवणारा पांढरीपांडे आहे. बहिरा पांढरीपांडे मला व्हायचं नव्हतं.

पहिलं कार्ड लावलं तेव्हा मोबाइलवर आवाजाची रेष हलत होती, म्हणून ठोकून दिलं. दुसऱ्याला सूर मोजायचं लावलं, सुई दोन सुरांच्या मधे उभी राहिली, म्हणून बसंतीबाईंना बेसूर ठरवलं. ज्यानं आवाज ऐकलाच नाही, त्यानं गाणाऱ्या बाईला सांगितलं की तुला जागा नाही. आयुष्यात मला इतकी लाज वाटलेली नाही. हे त्यांना वाचून दाखव, मागचं दाखवलंस तसंच.

आता कामाचं. काल रात्रभर नाही, पण दुपारभर मी त्या सुईकडे पाहत बसलो. एक गोष्ट आधीच दिसायला हवी होती. सुई हलत नव्हती. आई गात होत्या तितका वेळ ती त्याच साठ भागांवर ठाम होती. बेसूर माणसाची सुई भटकते. याचा अर्थ त्या कशाला तरी धरून गातात. मोबाइल ज्या मापानं मोजतो ते विलायती माप आहे, त्यांचं माप दुसरं काहीतरी आहे. ते काय, हे मी विचारलंच नाही.

त्या पहिला सूर कुठून घेतात? तेवढं बघ.

नरहर


तांडा
२६ फेब्रुवारी

आजोबा,

वाचून दाखवलं.  याडी म्हणाली, "बहिरा हाये बिचारा. सांगाव नाई का आधी." आणि उठून तुम्हाला द्यायला पापड मोजून बांधले. म्हणजे मिटलं.

तुमचा प्रश्न विचारला, तर मला वेड लागल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली. "सूर कुठून घ्याचा? थाळीतून."

आमच्याकडे लेंगी सुरू होण्याआधी काशाची थाळी वाजते. ती धनीबाईकडे असते. कडेला एक चीर आहे, म्हणून बोटावर तोलून धरावी लागते. धनीबाई एक ठोका देते, थाळी गुंजते, आणि ती गुंजत असतानाच याडी तोंड उघडते. मी जन्मापासून हे बघते आहे आणि मला कधी दिसलं नाही. मी थाळी घरी आणली, मोबाइलपुढे वाजवली. सुई साठ भागांवर उभी राहिली, जरासुद्धा इकडे-तिकडे नाही.

मग मी मोबाइल खिशात ठेवला. पहिली तार थाळीवर जुळवली, बाकीच्या पाच तिच्यावर. सगळ्या तारा सारख्याच उतरल्या. जुन्या खुंट्या असत्या तर अशा अर्धवट जागी राहिल्याच नसत्या, तुमच्या दातेरी खुंट्यांनी घट्ट धरल्या. याडी चुलीपाशी होती. मी लेंगीची पहिली ओळ वाजवली. तिनं मागे न बघता दुसरी घेतली, आणि आम्ही शेवटपर्यंत गेलो. भाकर जळली.

आता माझं ऐका. माझ्या गिटारच्या खुंट्या बदलल्या, तारगहाण बदललं, पिकअप बदललं, घराचं अर्थिंगही झालं. तुम्ही स्वतःचा एक पार्ट बदलायला तयार नाही. मशीन ड्रॉवरमधून काढा आणि होळीला तांड्यात या. आमची होळी पहाटे पेटते, लेंगी दिवस वर आल्यावर. मशीन न घालता आलात तर याडी गाणार नाही, असं तिनंच सांगितलंय. ती बोलते तसं करते.

बबिता


यवतमाळ
१७ मार्च

चि. बबिता,

तुमच्याकडून परत येऊन दोन दिवस झाले, पण हे तोंडानं बोलता आलं नाही म्हणून लिहितो.

मशीन घातल्यावर पहिली गोष्ट ऐकली ती यवतमाळ-पांढरकवडा एस.टी.ची खिडकी. अडीच तास एकच खडखड. उतरताना मी ठरवलं होतं की मशीन खिशात टाकायचं आणि ओठ बघून भागवायचं. पण फाट्यावर सुनीलराव मोटरसायकल घेऊन उभे, आणि पहिल्यांदा माझ्या कानाकडेच बघितलं.

तुझ्या गिटारवरून तुमच्या तांड्याचे नायक, धावजी, कुरकुरले, तेही मला ऐकू आलं. "होळीत वायर-फियर कायले पाह्यजे?" आणि तुझ्या आईंचं उत्तरही आलं. "ते नसन तं मी बी नाई." 

मग धनीबाईंनी ठोका दिला. मशीनमुळे आवाज थोडा पत्र्यासारखा येतो, हे सांगितलं पाहिजे, मी तंत्रज्ञ आहे. तरी थाळी ऐकली. ती गुंजत असताना आईंनी लेंगी उचलली. त्यांच्या आवाजाला मधे मधे धाप लागत होती, एका ठिकाणी तो फाटला, आणि त्यांनी तो तसाच पुढे नेला. मग तू आलीस. आणि एका क्षणी मला थाळी कुठली, बाई कुठली, तार कुठली हे वेगळं करता येईना. बबिता, तीन वर्षं वेगळं काही ऐकू येत नाही म्हणून मी कुढत होतो. त्या दिवशी वेगळं ऐकू येत नाही म्हणून रडलो. तोंडभर रंग लागल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नसेल.

२४ तारखेला मी नागपूरला येतो आहे. मशीन घालून. डॉक्टर काय सांगतात ते मलाही ऐकायचं आहे. आणि हो, मी आता फोन घेतो. तरी तू पत्रंच लिही.

नरहर


तांडा
९ एप्रिल

आजोबा,

तुम्ही नागपूरला आमच्याबरोबर बाकावर सहा तास बसलात. त्याबद्दल लिहायला घेतलं की काहीच सुचत नाही, म्हणून पुढचं लिहिते.

घरी येऊन बारा दिवस झाले. जखम भरते आहे. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, हे तुम्ही ऐकलंच. १५ तारखेला दाखवायला जायचं, तेव्हा कळेल आवाज आहे की नाही. धनीबाईनं थाळी याडीच्या उशाशी आणून ठेवली आहे, हाक मारायला. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे इकडे ये.

आज दुपारी एक ठोका पडला. मी पाणी नेलं. तिनं मान हलवली. पुन्हा एकच ठोका दिला आणि भिंतीकडे बोट केलं, गिटार टांगली होती तिकडे.

मी वायर न लावताच मांडीवर घेतली. थाळी अजून गुंजत होती. पहिली ओळ वाजवली. दुसरी ओळ तिची असते. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही, आणि तिनं गळ्यावर हात ठेवला. मला वाटलं आता मीच दुसरी ओळ वाजवून टाकावी, म्हणजे तिला रिकामं वाटणार नाही. पण नाही वाजवली. ती ओळ जितका वेळ घेते तितका वेळ बोटं तारांवर धरून थांबले. तिला कळलं. त्या थांबलेल्या वेळात तिनं थाळीवर ठोका दिला, आणि तिसऱ्या ओळीला मी पुन्हा सुरू केलं. अशी अख्खी लेंगी झाली. एक ओळ मी, एक ओळ तिची.

डॉक्टर १५ तारखेला काय म्हणतील ते म्हणोत. दुकानातल्या पोरी म्हणतात, तारा परत मोबाइलवर लाव, म्हणजे दुसरी गाणी वाजवता येतील. मी नाही म्हणाले. याडीला मी जागा आहे म्हणून सांगितलं आहे. खुंट्यांना हात लावणार नाही.

तुमची,
बबिता